मोबाइल हे बोटीचंच सामान

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या ६१ दिवसांत आपण इंजिन खोलतो, जाळी विणतो, बोट रंगवतो. बोटीवरच्या मोबाइलकडे मात्र कोणी बघत नाही. तो तांडेलाचा खासगी, बिघडला तर त्याचा तो बघेल! मला हे पटत नाही. हवामानाचा इशारा त्यावर येतो, भाव त्यावर कळतो, मासळीच्या जागाही त्यातच. मग दुरुस्तीचा खर्च मालकानेच करायला हवा.

गेल्या मोसमात आमच्या बोटीवरचा फोन भिजला आणि खलाशाने तसाच चार्जिंगला लावला. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते. आतल्या पिना गंजल्या, फोन गेला. त्यातल्या जागाही गेल्या, ते जास्त लागलं. भिजलेला फोन आधी बंद करा, सिम काढा, पुसून वाऱ्यावर ठेवा. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर नको. तांदळात पुरू नका, पीठ आणि कणी आत जाते. तांदूळ जेवायला ठेवा. 'वॉटरप्रूफ'वरही विसंबू नका, ती चाचणी साध्या गोड्या पाण्यातली असते.

रेंज गेली तरी जीपीएस चालतो, पण नकाशा किनाऱ्यावरच उतरवून घ्यावा लागतो. तटरक्षक दलाचा १५५४ रेंज असेल तरच लागेल. पुढे व्हीएचएफचा चॅनल १६च.

सोसायटीने १ ऑगस्टच्या आधी एक दिवस जेटीवर जाणता पोरगा बसवून सगळ्यांचे फोन तपासून द्यावेत. जागांचे आकडे वहीत उतरवायला तर पैसेही लागत नाहीत.