विमानतळाची पाळी चुकवू नका



उसाच्या पत्रिकेत विमानाचा विषय कशाला, असे काही मंडळी म्हणतील. परंतु वरकुटे परिसरात बांधावर फिरताना आम्हांस आता बेण्या-खतांच्या जोडीने विमानाचेही प्रश्न विचारले जातात. कुणाचा मुलगा बंगळूरला नोकरीस, कुणाची लेक दिल्लीस, कुणी दुबईत, कुणाला म्हातारपणी काशी करायची आहे. पोरं तिकीट मोबाईलवर काढून पाठवतात आणि "आबा, या बिनघोर" म्हणून मोकळी होतात. विमानतळाच्या दारात काय विचारतात, सामान किती चालते, हे कुणी सांगत नाही. मग तिथे जे होते ते आबांनी आणि आईनेच निस्तरायचे.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, हा विषय पोरांवर सोडून भागणार नाही. प्रवास ज्याचा, माहिती त्यालाच पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याचा रास्त व किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये होता. नवरा-बायकोची दोन तिकिटे दारातून परत फिरली, तर दोन-चार टन उसाचे पैसे उभ्या उभ्या गेले म्हणून समजा. वर मनस्ताप वेगळाच.

आपल्याला हे अवघड वाटण्याचे कारण नाही. कारखान्यावर ऊस घालताना तीन गोष्टी पाहतात : नोंद कुणाच्या नावावर, वजन किती आणि पाळी कधीची. विमानतळावरही नाव, वजन आणि वेळ एवढेच पाहतात. फरक इतकाच की, तिथे ओळखीचा चिटबॉय नसतो आणि "साहेब, घ्या सांभाळून" म्हणून गाडी पुढे जात नाही.

आधी विमानतळ कोणता ते पाहा

बारामतीला विमानतळ आहे, मग तिथून का नाही, असे बरेच जण विचारतात. तिथे वैमानिकांचे शिक्षण चालते आणि छोटी खाजगी विमाने उतरतात. तिकीट काढून बसावे असे नेहमीचे प्रवासी विमान तिथून नाही. आपल्याला जवळचे विमानतळ दोन, पुण्याचा लोहगाव आणि सोलापूरचा होटगी रोड.

सोलापूरचे नाव निघाले की सहकारातल्या माणसाला चिमणी आठवते. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला होता. वाईट कुणाला वाटले नाही? आम्हांलाही वाटले. पण ज्या विमानांसाठी एवढे घडले ती ९ जून २०२५ पासून गोव्याच्या फेरीने सुरू झाली. ती तर शेतकऱ्याने हक्काने वापरावीत, असे आम्हांस वाटते. मात्र लहान विमानतळाचे वेळापत्रक बदलत राहते. निघण्याच्या आदल्या दिवशी विमान आहे की नाही, वेळ तीच आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी.

मुंबईहून जाणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून तिकीट वाचावे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली. म्हणजे मुंबईच्या नावाने आता दोन विमानतळ झाले. तिकिटावर बीओएम ही अक्षरे असतील तर जुना मुंबई विमानतळ, एनएमआय असतील तर नवी मुंबई. पुण्यासाठी पीएनक्यू. गाडीवाल्याला नुसते "मुंबई विमानतळ" म्हणू नका. ही अक्षरे वाचून दाखवा.

नाव

आमच्या ओळखीच्या एका सभासदाला सारा गाव बाळासाहेब म्हणतो. मुलाने तिकीट त्याच नावाने काढले. आधार कार्डावर नाव दत्तात्रय. दारातल्या जवानाने तिकीट पाहिले, आधार पाहिले आणि बाजूला उभे केले. जवानाचे काय चुकले? सातबाऱ्यावर एक नाव आणि ऊस नोंदीला दुसरे असेल, तर आपले शेतकी खाते तरी बिल काढील काय?

बायकांच्या बाबतीत तर हा घोळ घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, आधारावर तिसरेच. तिकीट आधार कार्ड समोर धरून, त्यावरील इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी पाहून काढावे. विमान कंपनीकडे थेट काढलेल्या तिकिटात अक्षराची चूक राहिली आणि ती २४ तासांच्या आत कळवली, तर दुरुस्तीचे जादा पैसे घेऊ नयेत असा नियम आहे. म्हणून तिकीट हाती आले की त्याच दिवशी वाचा.

ओळखपत्र अस्सल पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, गाडीचा परवाना, यांपैकी कोणतेही एक देशातल्या प्रवासाला पुरे. परदेशी जायचे तर पासपोर्ट लागतोच. दोन वर्षांखालचे बाळ असल्यास जन्मदाखला जवळ ठेवावा. आणि महत्त्वाचे म्हणजे, ज्याचे ओळखपत्र त्याच्याच हाती द्या. नवऱ्याच्या खिशात बायकोचे आधार आणि दोघे दोन रांगांत, असा प्रकार नको. तपासणीला बायकांची रांग वेगळी असते.

पुण्यात डिजियात्रा नावाची सोय आहे. तिच्यात चेहरा पाहून यंत्र आत सोडते. ती ऐच्छिक आहे. तिच्याशिवाय अडत नाही, कागद दाखवून रीतसर जाता येते.

वजन आणि पिशवीतली चीजवस्तू

देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या काउंटरवर द्यायचे सामान १५ किलो आणि हातातली पिशवी ७ किलो एवढे चालू देतात. वर झाले की किलोमागे पैसे पडतात. लेकीकडे निघालेल्या आईला ज्वारी, शेंगदाणे, पापड, कुरडया सारेच न्यावेसे वाटते, पण घरच्या वजनकाट्यावर आधी तोलून पाहा.

हातातल्या पिशवीत चाकू, कात्री, विळा चालत नाही. आबांच्या चंचीतला अडकित्तासुद्धा काढून घेतात आणि तो वडिलांच्या वेळचा आहे म्हणून परत देत नाहीत. तो काउंटरच्या सामानात ठेवा किंवा घरी ठेवून जा. काडीपेटी आणि लायटर कुठेच नको. काकवी, तूप, लोणचे हातात नेऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, काउंटरच्या सामानात घाला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात घेत नाहीत, कारण त्यात तेल असते आणि ते तापून पेट घेण्याचा धोका असतो. ओटीचा नारळही हातातल्या पिशवीत अडवतात. तेव्हा ओटी घरीच भरून घ्यावी आणि नारळ देवापुढे ठेवावा.

मोबाईलची जादा बॅटरी, जिला पॉवर बँक म्हणतात, ती याच्या उलट. ती काउंटरच्या सामानात चालत नाही, हातातच पाहिजे. रोजची औषधे आणि डॉक्टरची चिठ्ठी हीदेखील हातातच.

वेळ आणि रस्ता

देशातल्या विमानाला दोन तास आधी आणि परदेशी विमानाला तीन तास आधी विमानतळाच्या दारात असावे. विमान सुटण्यापूर्वी साधारण एक तास काउंटर बंद होतो. नंतर पाया पडले तरी सामान घेत नाहीत. विमानात चढण्याचे दारही सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. एस.टी. कंडक्टर हात केल्यावर थांबेल, विमान थांबत नाही.

इंदापूरहून पुणे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणून "अडीच तासांत जातो" असा हिशेब आपण करतो. तो हडपसरच्या अलीकडेपर्यंतच खरा. गळिताच्या हंगामात महामार्गावर आपल्याच उसाच्या ट्रॉल्या असतात, पुढे लोणी काळभोरपासून गर्दी. विमानतळाला जायचे तर शहरात शिरण्याऐवजी थेऊर फाट्यावरून केसनंद, वाघोली, लोहगाव असाही रस्ता आहे. कोणताही धरा, पण दीड तास जादा ठेवा. आषाढीला तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड करीत आपल्याच भागातून पुढे जाते. त्या दिवसांत रस्ते वळवतात, हे लक्षात घेऊन निघावे.

एकट्या-दुकट्याने जीपगाडी करण्याची गरज नाही. इंदापूरहून एस.टी.ने स्वारगेट, तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून रामवाडी आणि पुढे रिक्षा. दिवसाच्या विमानाला हा मार्ग स्वस्त आणि बिनघोर. रात्री उशिरा आणि पहाटे मात्र मेट्रो नसते.

निरोप देणारी मंडळी

आता थोडे कडू बोलतो, सभासदांनी राग मानू नये. जाणारे दोघे आणि पोचवायला गाडीभर सोळा जण, हे कशासाठी? दाराच्या आत तिकीटवाल्यालाच सोडतात. बाकीची मंडळी बाहेर ताटकळतात आणि हारतुरे, फोटो, पाया पडणे यात जाणाऱ्याची वेळ मोडते. दारासमोर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. थांबायचेच असेल तर समोरच्या एरोमॉल या बहुमजली वाहनतळात पैसे भरून लावावी. पुण्यात उतरल्यावर भाड्याची मोटार धरायलाही तिकडेच जावे लागते.

लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा आहे. धावपट्टीचे, लष्करी विमानांचे फोटो काढू नयेत. आणि ज्याला दर्शनाचा भाव आहे त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. याच कारणाने विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यावे, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला.

निरोप घरीच, अंगणात, पोटभर घ्यावा. बरोबर एक जाणता माणूस द्यावा. जाणाऱ्याने आत सामान दिले, हाती बोर्डिंग पास आला, की त्याने फोन करावा आणि मगच पोचवणाऱ्याने गाडी वळवावी.

आत गेल्यावर

बोर्डिंग पास म्हणजे आपली तोडणीची चिठ्ठी समजा. तो हरवू नये. त्यावर दाराचा क्रमांक असतो. तो ऐनवेळी बदलतोही, म्हणून फलकावर लक्ष ठेवावे. वाचता आले नाही तर विचारावे. आमच्या मते आपल्या माणसाचा खरा अडथळा इथेच आहे. भर सभेत चेअरमनसाहेबांना हिशेब विचारणारा सभासद तिथल्या पोरसवदा नोकराला "दार कुठं हाय?" एवढे विचारायला लाजतो. इंग्रजी येत नाही, यात कसली लाज? मराठीत विचारा. पुण्यात आणि सोलापुरात मराठी समजणारा माणूस दहा पावलांवर मिळतो.

गुडघे दुखणाऱ्यांनी चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. विमान उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा गूळ-शेंगदाण्याची चिक्की चघळावी, म्हणजे बरे वाटते. लहान मुलाला पाणी पाजावे.

हक्कही माहीत असावेत. लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशाला खाणेपिणे कंपनीने द्यायचे असते. कंपनीने विमान रद्द केले तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत मागता येतात. आणि आपल्याच उशिराने विमान चुकले, तरी तिकिटातील विमानतळ शुल्क परत मागता येते. ते मागितल्याखेरीज बहुधा मिळत नाही.

परतताना

शेवटची गोष्ट आमच्या खात्याची. परदेशात नवे वाण दिसले की एखादे टिपरे, मूठभर बी, कलमाची काडी पिशवीत घालून आणण्याचा मोह होतो. कृपा करून आणू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय असे बी-बियाणे आणता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी गाजर गवत आठवा. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. एका टिपऱ्यातून आलेला रोग साऱ्या शिवाराला पुरतो. बेणे पाहिजे तर गट कार्यालयात नोंद करा.

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या दिवसांत कुणी जाणार असेल, त्यांनी आज रात्री जेवणे झाल्यावर एवढेच करावे. घरातल्या साऱ्यांची आधार कार्डे काढावीत, नावे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. बाईमाणसाचे कार्ड आधी पाहावे. चूक असेल तर तिकीट काढण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. सुज्ञ सभासदांस अधिक सांगणे न लगे.

ऊस विकास अधिकारी