बॅटरीचा खर्च कोणाच्या नावे?

दुपारी चारच्या सुमारास कोणत्याही कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात डोकावून पाहावे. भिंतीवरील प्लगाच्या आसपास दोन-तीन मोबाइल तारेला लावून ठेवलेले हमखास दिसतात, आणि चौथ्याचा मालक आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहात उभा असतो. सकाळी पुरती भरलेली बॅटरी दुपारपर्यंत तळाला का जाते, या प्रश्नाला बहुतेकांजवळ एकच उत्तर असते: फोन जुना झाला. हे उत्तर कधी खरे असते, पुष्कळदा अर्धवट असते, आणि फोन विकणाऱ्यांच्या मात्र नेहमीच सोयीचे असते. पंधरा-वीस हजारांची वस्तू टाकून देण्यापूर्वी तिच्यातील शक्ती नेमकी कोण खर्च करतो एवढी चौकशी करणे, हा साधा व्यवहार आहे. घरखर्च हाताबाहेर गेला म्हणून कोणी घर बदलीत नाही. आधी जमाखर्चाची वही उघडून पाहतो.

ही वही फोनमध्येच असते. अँड्रॉइड असो वा आयफोन, 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'बॅटरी' या सदरावर बोट ठेवले की कोणत्या अ‍ॅपने किती शक्ती खाल्ली याची यादी उतरत्या क्रमाने समोर येते. आयफोनवर ही सोय २०१४ पासून आहे, अँड्रॉइडवर तर त्याही आधीपासून होती. तरीही वर्गात विचारले असता ही यादी पाहिलेल्या विद्यार्थ्यांचे मोजकेच हात वर होतात. ज्या पिढीचा दिवसाचा बराच काळ या यंत्राच्या संगतीत जातो तिलाही त्याचा हिशेब ठाऊक नसावा, हे नवलच म्हणावे लागेल.

हा खर्च विजेच्या बिलाचा नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. चार्जरमध्ये वाया जाणारा भाग धरला तरी एका युनिटमध्ये ती चाळीसेक वेळा भरते. युनिटला दहा रुपये पडले तरी एका वेळचा खर्च २५ पैसे! तेव्हा येथे दुर्मीळ असलेली वस्तू वीज नसून प्लगापासून दूर असतानाचे तास ही आहे. प्रवासातल्या माणसाला रात्री आठ वाजता लागणारा फोन दुपारच्या एका युनिटाने भरून निघत नाही. दुसरी गोष्ट घसाऱ्याची. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये 'सोनी'ने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या जनकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण तिचे आयुष्य अद्यापही मोजकेच आहे. प्रत्येक पूर्ण भरण-उपसणीगणिक तिची धारणशक्ती थोडी थोडी घटते. समजा, आठशे आवर्तने ती नीट टिकली. दिवसाला एक आवर्तन झाले तर सव्वादोन वर्षांच्या आतबाहेर ती थकेल. न मागितलेल्या कामांपायी रोज दीड आवर्तन होऊ लागले तर दीड वर्षही धड पुरणार नाही. म्हणजे आज गुपचूप खर्च झालेल्या शक्तीचे बिल उद्या नव्या बॅटरीच्या, आणि बहुधा नव्या फोनच्या रूपाने येते. बॅटरी थकलेले जुने आयफोन आपण मुद्दाम मंद करतो, हे 'अ‍ॅपल'ने २०१७ च्या डिसेंबरात मान्य केले आणि बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. नव्या फोनच्या दुकानाकडे निघालेल्या कित्येकांना तेव्हा कळले की त्यांना फक्त नवी बॅटरी हवी होती.

आता वहीतील नोंदी वाचायच्या कशा? यादीत पहिला दिसला तो चोर, असा निवाडा करणे घाईचे होईल. तीन तास चित्रपट पाहिल्यावर चित्रपट दाखवणारे अ‍ॅप वर येणारच. तो आपण जाणूनबुजून केलेला खर्च होय. खरी उलटतपासणी पडद्यावरील वेळ आणि पडद्यामागील वेळ यांच्या तुलनेत आहे. दिवसभरात पाच मिनिटे उघडलेले खरेदीचे अ‍ॅप पडद्यामागे तास-दोन तास जागे होते असे दिसले, तर संशयाला जागा आहे. शिवाय आयफोनवर व अनेक अँड्रॉइड फोनांवर ही टक्केवारी खर्च झालेल्या शक्तीची असते, सगळ्या बॅटरीची नव्हे. दहा टक्केच बॅटरी गेली असेल तर त्यातील 'पन्नास टक्के' म्हणजे अवघे पाच.

याहून मोठी अडचण हिशेबशास्त्राची आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटेल. कापसाचे पीक काढायला आलेल्या खर्चापैकी रुईचा किती आणि सरकीचा किती? संयुक्त खर्चाची वाटणी हा जुना प्रश्न आहे. मार्शलने तो मेंढीच्या मांसाच्या आणि लोकरीच्या संदर्भात चर्चिला होता. फोनचा पडदा, प्रक्रियक, रेडिओ आणि स्थाननिश्चिती यांची शक्ती अनेक अ‍ॅप मिळून वापरतात. बहुतेक अँड्रॉइड फोन प्रत्येक अ‍ॅपची वीज प्रत्यक्ष मोजत नाहीत. कोणता भाग किती विद्युतप्रवाह ओढतो याचा निर्मात्याने भरून दिलेला तक्ता असतो. त्याला वापराच्या वेळेने गुणून आकडा काढला जातो. पडद्याचा खर्च काही फोन स्वतंत्र ओळीत दाखवतात, तर काही तो त्या वेळी उघड्या असलेल्या अ‍ॅपच्या नावे टाकतात. 'गूगल प्ले सर्व्हिसेस' हे नाव पुष्कळांच्या यादीत वर दिसते आणि शिव्या खाते; वस्तुतः तो घरातला गडी आहे. दुसऱ्या अ‍ॅपांनी सांगितलेली स्थान शोधण्याची आणि निरोप आणण्याची कामे तो करतो, आणि बाजारहाटाचा सगळा खर्च त्याच्या नावे मांडला जातो.

तीच गोष्ट टॉवरची. कसारा घाटातून गाडी जात असताना किंवा सिग्नल जेमतेम पोहोचणाऱ्या गावी फोनचा रेडिओ टॉवर गाठण्यासाठी अधिक जोर लावतो. शिवाय निरोप पाठवून झाल्यावरही तो लगेच झोपत नाही; पुढचा निरोप येईल या आशेने काही काळ जागाच राहतो. म्हणून दर दोन मिनिटांनी चिमूटभर माहिती पाठवणारे अ‍ॅप एकदाच मोठी फाईल उतरवणाऱ्या अ‍ॅपपेक्षा महाग पडू शकते. दोष पुरवठादाराच्या विरळ जाळ्याचा आणि टक्के मात्र एखाद्या गरीब निरोप्या अ‍ॅपच्या माथी, असे अनेकदा होते.

तेव्हा यादी हा पुरावा नव्हे, तो सुगावा आहे. पुराव्यासाठी प्रयोग करावा लागतो. निजताना बॅटरीचा आकडा टिपावा आणि फोन प्लगाला न लावता सकाळी पुन्हा पाहावा. सात-आठ तासांत चार-दोन टक्के गेले तर ते स्वाभाविक. दहा-पंधरा गेले तर रात्रभर कोणीतरी जागे होते. मग संशयित अ‍ॅपाची पडद्यामागील मुभा काढून घ्यावी, स्थानाची परवानगी 'वापर चालू असतानाच' एवढी आक्रसावी आणि दोन-तीन रात्री फरक पाहावा. एका वेळी एकच बदल; पाच बदल एकदम केले तर कशाने गुण आला हे वैद्यालाही सांगता येत नाही. निरोप उशिरा पोहोचणे ही या संयमाची किंमत आहे, म्हणून ज्यांच्यावर घरच्यांचे किंवा दवाखान्याचे निरोप येतात ती अ‍ॅप यातून वगळावीत. उघडी अ‍ॅप बोटाने भराभर उडवून लावण्याचा जो नित्यनेम आपल्याकडे निष्ठेने पाळला जातो, त्याचा मात्र उपयोग नाही. ते अ‍ॅप पुन्हा उघडताना उलट अधिक काम पडते. 'अ‍ॅपल' आणि 'गूगल' या दोन्ही कंपन्यांच्या वरिष्ठांनी २०१६ मध्येच हे सांगून टाकले आहे. बॅटरी 'वाचवणारी' अ‍ॅप तर स्वतःच जाहिराती दाखवत जागी असतात. काळ्या पडद्याचा गाजावाजाही बेताने घ्यावा: २०२१ च्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात नेहमीच्या मध्यम प्रकाशात त्याची बचत सरासरी तीन ते नऊ टक्केच निघाली.

याच विद्यापीठातील अभिनव पाठक आणि चार्ली हू यांनी 'मायक्रोसॉफ्ट'च्या मिंग झँग यांच्यासह २०१२ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांनी तपासलेल्या फुकट अ‍ॅपांमध्ये ६५ ते ७५ टक्के शक्ती त्या अ‍ॅपच्या मूळ कामावर नव्हे, तर जाहिरातींसाठी आत बसवलेल्या परक्या भागांवर खर्च होत होती. म्हणजे खेळ फुकट; पण तो कोण खेळतो, कोठे खेळतो हे जाहिरातदाराला कळवण्याचे टपालखर्च खेळणाऱ्याच्या बॅटरीतून! फोन आणि अ‍ॅप तेव्हापासून पुष्कळ बदलले, परंतु या व्यवहाराचे तत्त्व बदललेले नाही. पिगू यांनी १९२० साली मांडलेला सिद्धान्त येथे चपखल बसतो: कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या घरात जात असेल आणि त्याची भरपाई कारखानदाराला द्यावी लागत नसेल, तर धूर गरजेपेक्षा जास्तच निघणार. अ‍ॅप बनवणाऱ्याला सर्व्हरचे भाडे द्यावे लागते, म्हणून तो ते काटकसरीने वापरतो. आपली बॅटरी त्याला फुकट आहे. निष्काळजीपणाही याच कारणाने फोफावतो. २०१५ च्या ऑक्टोबरात आयफोनवरील 'फेसबुक' बॅटरी फार खाते अशी ओरड झाली, तेव्हा कंपनीने चूक कबूल केली: एक भाग प्रक्रियकाला उगाच फिरवत ठेवत होता आणि चित्रफीत पाहून बाहेर पडल्यावरही ध्वनीचे दार उघडेच राहात होते. एवढ्या मोठ्या कंपनीचा हा गलथानपणा ग्राहकांनी वह्या उघडून पाहिल्या तेव्हा उघडकीस आला.

आणि जे अ‍ॅप काढून टाकण्याची मुभाच नाही त्याचे काय? हजेरी, माहितीसंकलन, छायाचित्रे, स्थानाच्या नोंदी यांसाठी अमुक अ‍ॅप घ्या असा आदेश निघतो आणि शिक्षक किंवा लिपिक ते स्वतःच्या पदरच्या फोनवर घेतो. फोन त्याचा, बॅटरी त्याची, घसारा त्याचा, काम कचेरीचे. टेबल-खुर्ची घरून आणा असे कोणत्याही कचेरीने आजवर सांगितले नव्हते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने दिलेले फोन परत केले, कारण ते अडकत होते, तापत होते आणि कामाचा भार त्यांना पेलत नव्हता. त्यांच्या हाती निदान परत करण्याजोगी वस्तू तरी होती. स्वतःच्या फोनवर सरकारी अ‍ॅप चालवणाऱ्या शिक्षकाने काय आणि कोणाला परत करावे?

ग्राहकाने जागरूक राहावे हे ठीकच. पण प्रत्येकाने रात्री उठून आकडे टिपावेत या भरवशावर बाजाराची शिस्त उभी राहात नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीत आठशे आवर्तनांनंतर ८० टक्के शक्ती शिल्लक असली पाहिजे असे बंधन घातले. 'गूगल'ने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की फोनला पडद्यामागे अकारण जागे ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या माहितीपानावर १ मार्च २०२६ पासून ग्राहकाला इशारा दाखवला जाऊ शकेल आणि शिफारशींतून ते वगळले जाऊ शकेल. धनकोच्या हातीच सावकारीचा कायदा द्यावा तसा हा प्रकार आहे, कारण जाहिरातींवर पोसलेली कंपनीच येथे पंच आहे. तथापि दिशा योग्य आहे. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ पासून तारांकनाची पद्धत सुरू केली; फ्रिज घ्यायला गेलेला सामान्य माणूस आज वर्षाला किती युनिटे लागतील हे चिठ्ठीवर वाचून घेतो. अ‍ॅपाच्या माथ्यावर असे तारे लावणे अवघड आहे, कारण तेच अ‍ॅप दर पंधरवड्याला बदलते आणि निरनिराळ्या फोनांवर निराळे वागते. पण सरकार जी अ‍ॅप स्वतः पैसे मोजून करवून घेते, त्यांच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. निविदेच्या अटींतच लिहिता येईल की आठ हजार रुपयांच्या साध्या फोनवर, कमकुवत सिग्नलच्या गावात, अ‍ॅपची चाचणी झाली पाहिजे. कामाचे तास संपल्यावर ते पडद्यामागे जागे राहता कामा नये. आणि त्या चाचणीचे आकडे वापरणाऱ्यांना पाहायला मिळाले पाहिजेत. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी महागाई भत्त्याच्या मागणीपत्रकात ही एक ओळ घालावी, आणि ज्यांच्या फोनवर अशी अ‍ॅप आहेत त्यांनी आठवडाभराच्या यादीची छायाचित्रे त्या पत्रकाला जोडावीत.