बिबट्या मोजला, माणूस कोण मोजणार?

एप्रिल २०२४. वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला होता. वनखात्याने कॅमेरे लावले, पिंजरे लावले आणि अखेर तो जेरबंद झाला. त्याच महिन्यात विरारमध्ये एका खासगी सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. बिबट्याची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. चौघांची किती दिवस चालली, ते वाचकांनीच आठवावे.

बिबट्यावर आमचा राग नाही. उलट त्याला मोजण्याची रीत आपण शिकून घ्यावी अशी आहे. पूर्वी वनरक्षक पंजाचे ठसे घेऊन आकडा लिहीत. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते. २००५ साली कळले, जंगलात एकही उरला नाही. मग कॅमेऱ्यांवर भर आला. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. समजा, पहिल्या फेरीत २० बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीतही २०, पण त्यांतले १० आधीचेच. म्हणजे पहिल्या फेरीला निम्मेच सापडले होते; एकूण सुमारे ४०. प्रत्यक्ष दिसले ३०. न दिसलेले १० सुद्धा शास्त्रज्ञ हिशेबात धरतो. दिसला नाही म्हणजे नाहीच, असे तो म्हणत नाही.

सरकार नेमके तेच म्हणते. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर आले की, हाताने मैला साफ करताना पाच वर्षांत एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारात, टाकीत मेलेल्यांसाठी 'धोकादायक सफाई' हा वेगळा रकाना आहे! उत्तर देणारे मंत्री रामदास आठवले होते, हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. आणि २०११ च्या सरकारच्याच सामाजिक-आर्थिक व जात गणनेत महाराष्ट्राच्या एकट्या ग्रामीण भागात हे काम करणारी ६३ हजारांवर कुटुंबे नोंदली गेली होती. ती गेली कुठे?

दोन फेऱ्यांची ही रीत माणसांनाही लागू पडते. वसई-विरार महापालिकेने आपल्या आणि ठेकेदारांच्या सफाई कामगारांची, तसेच सोसायट्यांच्या टाक्यांत उतरणाऱ्यांची यादी जाहीर करावी. दुसरी यादी आमचे कार्यकर्ते वस्तीवस्तीत फिरून करतील. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. किती नावे दोन्हीकडे आहेत, ते आम्ही मोजून देतो.