चेक इंजिनचा दिवा लागला? आधी कोड वाचा, मग खर्च करा

गेल्या पावसाळ्यात माझ्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी मात्र मस्त पळत होती. गॅरेजवाला म्हणाला, "कॅनिस्टर गेलाय, अख्खा बदलावा लागेल." आकडा ऐकून मी 'उद्या सांगतो' म्हणालो आणि घरी येऊन ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावला. फोनवर कोड आला: पी०४४४.

आधी ही सिस्टीम समजून घेऊ. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत गेली तर उन्हात ओझोनचं प्रदूषण वाढतं. म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवतात. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते.

पी०४४४ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट ओपन. थोडक्यात, तक्रार वायरिंगची किंवा व्हॉल्व्हच्या कॉइलची आहे, डब्याची नाही! मल्टिमीटरने कॉइल तपासली, साधारण २५ ओहम, म्हणजे ठीक. मग वायर चाचपली, तर ती उंदराने कुरतडलेली. इलेक्ट्रिशियनने जोडून दिली, कोड पुसला, दिवा पुन्हा लागला नाही.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का? १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला. त्यात ओबीडीचे नियम आणखी कडक झाले, म्हणजे नवी गाडी स्वतःवर जास्त बारीक नजर ठेवते. दुसरीकडे, पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून येणारा वायू तपासतात, टाकीतून निसटणारी वाफ नाही. म्हणजे त्या वाफेवर पहारा देणारा हा पिवळा दिवाच. दुरुस्ती न करता नुसता कोड पुसणं म्हणजे एरर लॉग डिलीट करून बग गेला म्हणण्यासारखं आहे.

एक सावधगिरी. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही गाडीने स्वतः पकडावी लागते, म्हणून पी०४५५, पी०४५६ हे गळतीचे कोड तिथे नेहमीचे. आपले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत, त्यामुळे तुमच्या गाडीत तेच दिसेल असं नाही. आणि कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही.

पेट्रोल भरल्या भरल्या गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करते? मग पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता आहे. इंजिन बंद असताना तो बंद हवा. काढून फुंकर मारली आणि हवा आरपार गेली, तर तो खराब.

गॅरेजमध्ये एवढंच विचारा, "दादा, कोड काय आला? बिलावर लिहून द्या." आणि पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर 'राउंड फिगर करा' म्हणू नका. जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरलं की कोळसा खराब होतो, आणि मग मात्र डबा खरंच बदलावा लागतो.