बेस्टचा संप आणि नागरिकांचा संताप

मुंबईसारख्या शहरांत बसगाड्या बंद पडल्या म्हणजे पहिला फटका ज्यांच्या दारीं मोटार उभी असते त्यांस बसत नाहीं. तो बसतो पहाटे पाटी घेऊन मंडई गांठणाऱ्या बाईस, उशीर झाल्यास अर्धा रोज गमावणाऱ्या नोकरास, आणि नोकर न आल्यामुळें अर्धीं दारें लावून बसलेल्या दुकानदारास. या लोकांचा संताप खरा आहे व रास्तहि आहे. परंतु राग रास्त असला म्हणून तो योग्य ठिकाणींच पडतो, असें मात्र नाहीं. गाडी हांकणारा चालक व तिकिटें देणारा वाहक रोज डोळ्यांसमोर असतात. अंदाजपत्रकावर सही करणारे हात कोणास दिसत नाहींत. म्हणून संप झाला कीं शिव्यांचे धनी पहिले होतात व दुसरे नामानिराळे राहतात.

८ जानेवारी २०१९ रोजीं सुरू झालेल्या संपाचें उदाहरण या बाबतींत पुरेसें बोलकें आहे. ३०,००० हून अधिक कामगार कामावर गेले नाहींत, तीन हजारांवर गाड्या आगारांत उभ्या राहिल्या, आणि रोज प्रवास करणाऱ्या सुमारें २५ लाख उतारूंचे नऊ दिवस हाल झाले. औद्योगिक न्यायालयानें मनाई केली, अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचा बडगा उगारला गेला. तरी चाकें हाललीं नाहींत. शेवटीं १६ जानेवारी रोजीं उच्च न्यायालयाच्या पुढाकारानें मध्यस्थ नेमण्याचें ठरलें, कनिष्ठ श्रेणींतील कामगारांस तात्पुरती वेतनवाढ मिळाली, आणि संप मिटला. आतां आमचा साधा सवाल असा कीं, जी तोड नवव्या दिवशीं निघाली, ती पहिल्या दिवसाच्या आधीं कां निघूं नये? मधल्या आठ दिवसांत असें कोणतें नवें ज्ञान उभय पक्षांस झालें? झालें एवढेंच कीं, दोघांच्या हट्टाची किंमत तिऱ्हाइतानें भरली.

कामगारांचें गाऱ्हाणें पोकळ नव्हतें. २००७ नंतर नेमलेल्यांस कमी श्रेणीनें वेतन मिळे. एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर राबणाऱ्या दोघांच्या पदरीं निराळा मोबदला पडे. दुसरी मागणी बेस्टचें अंदाजपत्रक महापालिकेच्या मुख्य अंदाजपत्रकांत विलीन करण्याची होती. ती वरवर हिशेबी दिसली, तरी सर्व दुखण्याचें मूळ तिच्यांतच आहे. पूर्वीं वीजपुरवठ्याच्या उत्पन्नांतून परिवहनाची तूट भरून काढण्याची वहिवाट होती. वीजदरांच्या नियमनामुळें ती वाट बंद झाली. एक विहीर आटली आणि दुसरी खणली नाहीं, तर मोट कोरडीच यावयाची!

यावर आमचे कित्येक व्यापारी वाचक विचारतील, ‘तोट्याचा धंदा किती दिवस पोसावयाचा?’ त्यांस आमचें उत्तर असें कीं, रस्त्यावरील दिवे, गटारें व आगीचे बंब यांपासून पालिकेस कोणता नफा होतो? तरी ते बंद करा, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. खाजगी कंपनीचा हा कारभार ७ ऑगस्ट १९४७ रोजीं पालिकेनें आपल्या हातीं घेतला, तो लोकसेवेसाठीं, पेढी चालविण्यासाठीं नव्हे. गिऱ्हाईक व नोकर दुकानापर्यंत पोंचतात म्हणून दुकान चालतें. बसचा तोटा एका वहींत दिसतो, तिचा नफा मात्र हजारों वह्यांत विखुरलेला असतो. जुलै २०१९ मध्यें किमान भाडें ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणतांच उतारू लक्षणीय वाढले. मे २०२५ मध्यें तेंच भाडें १० रुपये झालें. गरिबाच्या खिशांत हात घालून तूट भरणें सोपें खरें, पण तें धोरण नव्हे.

कामगारपुढाऱ्यांसहि दोन शब्द ऐकवणें प्राप्त आहे. संप हें दुबळ्याचें अखेरचें शस्त्र होय. तें उठल्यासुटल्या उपसल्यास बोथट होतें. रुग्णालयाकडे निघालेला रोगी व परीक्षेस निघालेला विद्यार्थी हे त्यांचे वैरी नव्हत. लोकमत गमावलेला संप जिंकूनहि हरलेला असतो.

पण संपाच्या भीतीनें कामच ठेकेदारांकडे सोंपवावें, हा उपाय रोगाहून वाईट आहे. २०१९ च्या करारांत स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचें वचन उपक्रमानें दिलें होतें. आज तो ताफा हजाराच्याहि खालीं उतरला आहे. आणि संप टळले काय? ऑगस्ट २०२३ मध्यें ठेकेदारांच्याच चालकांनीं सुमारें आठवडाभर गाड्या उभ्या केल्या. फरक एवढाच झाला कीं, उपक्रम ठेकेदाराकडे बोट दाखवूं लागला. ठेका दिल्यानें तंटा मिटत नाहीं. फक्त जाब विचारण्याचें ठिकाण नाहींसें होतें.

तेव्हां करावयाचें काय? वेतनाच्या तंट्यासाठीं कायमचें लवाद मंडळ असावें. ठराविक मुदतींत निवाडा व्हावा, आणि तो उभय पक्षांस सारखाच बांधील असावा. परिवहनाची तूट ही दरवर्षीं हात पसरून मागावयाची भीक न राहतां पालिकेच्या अंदाजपत्रकांतील हक्काची रक्कम व्हावी. आणि ठेक्यावरील चालकाच्या पगाराची अंतिम जबाबदारी उपक्रमानें स्वीकारावी.

हें आपोआप होणार नाहीं. संप सुरू असतांना नऊ दिवस थांब्यावर चडफडणें आणि गाडी सुरू होतांच सारें विसरून जाणें, ही आम्हां नागरिकांची जुनी खोड आहे. अंदाजपत्रक मांडलें जातें त्या महिन्यांत आपल्या प्रतिनिधीस दहा माणसांनीं जाऊन जाब विचारला, तर त्याचा उपयोग संपाच्या दिवशीं हजारांनीं ओरडण्याहून अधिक होईल. रागास मुदत ठाऊक नसते, अंदाजपत्रकास असते. नागरिकांनीं ती ओळखावी.