पाणी कोमट, तरी सूट हवाच
मालवणला स्कूबा करायला निघालेले हमखास विचारतात, ‘पाणी कोमटच आहे, मग वेटसूट कशाला?’ पण पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. २८ अंशांच्या पाण्यातही तासाभरात हुडहुडी भरू शकते. म्हणून जाडच सूट घ्यावा, असेही नाही; तो जास्त तरंगतो, मग कमरेला शिसे वाढवावे लागते. दोन-तीन मिलिमीटर पुरे. माझ्या मते जाडीपेक्षा माप महत्त्वाचे. ढगळ सुटात पाणी सतत आत-बाहेर होते, ऊब टिकत नाही. फार घट्ट सुटात श्वास कोंडतो. भाड्याचा सूट नीट बसत नसेल, तर संकोच न करता दुसरा मागा. आणि पाण्यात थंडी वाजू लागली, तर अंगावर काढू नका. वर यायची खूण करा.