संकेत उचलला, कारण मागेच राहिले

ब्रिटनमध्ये ओसीआर परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल माध्यम-अभ्यासात २००८ नंतरची काही वर्षे विद्यार्थ्यांना एका नव्या चित्रपटाची श्रेयनामावली आणि सुरुवात, तीही जास्तीत जास्त दोन मिनिटांत, चित्रित करावी लागे. पुष्कळांनी थरारपट निवडला. ओरखडलेली अक्षरे, छायाचित्रे कापणारे हात, कर्कश ध्वनी! अशा कामांवर 'नक्कल' असा शिक्का मारणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. संकेतांवाचून कोणताही कलाप्रकार उभा राहत नाही.

दोष अन्यत्र आहे. ती अक्षरे आणि ते हात १९९५ च्या 'सेव्हन'चे. काइल कूपरने रचलेल्या त्या श्रेयनामावलीला एक निश्चित काम होते. खुनी फार उशिरा समोर येणार होता. केव्हिन स्पेसीचे नावदेखील आरंभी गाळले होते. तोवर त्याच्या वह्यांनी आणि बोटांनी त्याची जागा धरून ठेवली. पात्याने खरवडलेल्या बोटांचा अर्थ तर पुढे, ठसेच सापडत नाहीत तेव्हा, उलगडतो. विद्यार्थी तेच हात दाखवतो आणि कित्येकदा दुसऱ्याच मिनिटाला चेहराही उघड करतो. मग लपवले काय?

याचे खापर आम्ही विद्यार्थ्यावर फोडणार नाही. प्रचलित संकेत कसे वापरले, कसे विकसित केले, कुठे झुगारले, एवढेच त्याला विचारले जाई. उत्तरादाखल यादी मिळे आणि यादीला गुण. हा संकेत मुळात कोणत्या अडचणीतून जन्मला, हे विचारणे शिक्षकाचे काम. साहित्याच्या वर्गात तरी आपण ते विचारतो काय?